सीझरनंतर नैसर्गिक प्रसूतीसाठी शरीराची आणि मनाची तयारी कशी करावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, वय २९, आणि सध्या मला सव्विसावा आठवडा चालू आहे. पहिली मुलगी आता तीन वर्षांची आहे. तिच्या वेळी रीतीप्रमाणे मी माहेरी, विदर्भात, गेले होते. तारीख उलटून आठवडा झाला तरी कळा येईनात, म्हणून दाखल करून घेऊन कळांचे औषध दिले गेले. चौदा तास कळा सोसल्या, पिशवीचे तोंड चार सेंटिमीटरवर अडले, आणि मग बाळाचे ठोके कमी होत असल्याचे सांगून घाईने सीझर झाले. मुलगी सुखरूप आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. मात्र त्या रात्री मला कोणी काही समजावून सांगितले नाही. सही घेतली आणि आत नेले. तिथला गारठा, दोन्ही बाजूंना बांधलेले हात आणि माझ्या डोक्यावरून भलत्याच विषयावर चाललेल्या गप्पा अजून आठवतात आणि छाती धडधडू लागते.

या वेळी शक्य असेल तर नैसर्गिक प्रसूती व्हावी अशी माझी इच्छा आहे. इथल्या डॉक्टर मॅडम सरळ नाही म्हणत नाहीत. "बघू, पण आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतात," एवढेच म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे असे, की रोज बसून फरशी पुसली आणि नववा लागल्यावर एरंडेल घेतले की बाई मोकळी होते. आई म्हणते, एकदा पोट चिरले की दुसऱ्यांदा चिरावेच लागते, उगाच हट्ट करू नकोस. माझे हिमोग्लोबिन ९.८ आहे आणि साखरेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. शरीराची, आणि त्याहून जास्त मनाची, तयारी कोठून सुरू करावी, हे अनुभवी भगिनींनी आणि या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : प्रसूतिकक्ष (स्त्रीरोगतज्ज्ञ)

तुमच्या आईंचे मत शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते एका डॉक्टरांचेच आहे. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली असे लिहिले होते, की एकदा सीझर झाले की पुढे नेहमीच सीझर. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड आणि जोराने आकुंचन पावणाऱ्या भागावर उभा छेद घेत असत, त्यामुळे पुढच्या खेपेच्या कळांत तो उसवण्याची भीती मोठी होती. आता बहुतेक सीझर गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेऊन होतात आणि हा व्रण कळांचा ताण पुष्कळ चांगला सोसतो. म्हणून तुमच्या तयारीची सुरुवात आसनांपासून होत नाही, माहेरच्या कागदांपासून होते. पोटावरची खूण आडवी आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल, असे धरून चालता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'एलएससीएस' (गर्भाशयाच्या खालच्या भागावरचे सीझर) एवढीच अक्षरे असतात. शक्य असेल तर प्रत्यक्ष ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागवा. छेद कोणता होता, बाळ काढताना तो वाढवावा लागला का, नंतर ताप किंवा जंतुसंसर्ग झाला होता का, हे त्यातून कळेल. बाळंतपण माहेरी आणि पुढची तपासणी सासरी, या आपल्या पद्धतीत हे कागद हमखास कुठल्या तरी कपाटात राहून जातात. छेद उभा किंवा उलट्या टी अक्षरासारखा निघाला, तर मात्र नैसर्गिक प्रसूतीचा विचार सोडून द्यावा.

छेद आडवा असेल तर आकडे तुमच्या बाजूचे आहेत. एका सीझरनंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघी त्यात यशस्वी होतात. पूर्वी एखादी नैसर्गिक प्रसूती झाली असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्या बाबतीत ते सरासरीपेक्षा थोडे कमी धरावे, कारण पहिल्या वेळी प्रसूती पुढे सरकत नव्हती. बाळ पायाळू होते म्हणून सीझर झालेल्या बाईची शक्यता अधिक असते. दोन प्रसूतींमधले तुमचे अंतर मात्र पुरेसे आहे. ते दीड वर्षाहून कमी असते तर व्रणाची काळजी वाढली असती. आपोआप सुरू झालेल्या कळांत व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशे जणींत एकीला असतो. तो कमी आहे, पण ज्या एकीला होतो तिला काही मिनिटांत थिएटरमध्ये न्यावे लागते. तुमच्या मॅडम रात्रीच्या भूलतज्ज्ञांविषयी बोलतात ते टाळाटाळीने नव्हे, त्यांनी तुम्हाला खरी अडचण सांगितली आहे. चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय, तयार थिएटर आणि बाळाच्या ठोक्यांची सलग नोंद करणारे यंत्र, एवढे जिथे आहे तिथेच हा प्रयत्न करावा. तुमच्या जिल्ह्यात मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयात आताच जाऊन नाव नोंदवा आणि रात्री दोन वाजता कोण हजर असते, हे स्पष्ट शब्दांत विचारा. सातव्या महिन्यात विचारलेला हा प्रश्न कोणालाही उद्धट वाटत नाही. कळा सुरू झाल्यावर विचारला तर उत्तर द्यायला कोणाला वेळ नसतो.

एरंडेलाबद्दल स्पष्ट सांगते, ते घेऊ नका. त्याने कळा अवेळी आणि अनियमित जोराने सुरू होऊ शकतात, आणि व्रण असलेल्या गर्भाशयाला तेच नको असते. त्याच कारणाने आम्हीही कळांची औषधे हात राखून वापरतो. औषधाने कळा सुरू केल्या किंवा वाढवल्या तर उसवण्याचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो, आणि मिसोप्रोस्टॉलची गोळी तर पूर्ण दिवसांच्या अशा प्रसूतीत देऊच नये. फरशी पुसल्याने अपाय नाही, फक्त त्याने प्रसूती सोपी होते असा पुरावा नाही. हिमोग्लोबिन मात्र ११ च्या वर न्यायचे आहे, कारण प्रसूती कोणत्याही मार्गाने झाली तरी रक्तस्राव सोसायची ताकद त्यातूनच येते. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नये. गोळ्यांनी महिनाभरात फरक पडला नाही तर शिरेतून लोह देता येते.

उत्तर २ : दुसरीखेप

ताई, मला पहिल्या सीझरनंतर सव्वातीन वर्षांनी नैसर्गिक प्रसूती झाली, म्हणून लिहिते आहे. डॉक्टरांनी वरती जे सांगितले त्यात माझी भर फार थोडी आहे.

शरीरासाठी मी रोज पाऊण तास चालत असे, निम्मे सकाळी आणि निम्मे जेवणानंतर, आणि आठवड्यातून तीन दिवस गरोदर स्त्रियांच्या योगवर्गाला जात असे. त्यातल्या आसनांपेक्षा श्वासाचा सराव मला जास्त उपयोगी पडला. कळ चढताना तोंड सैल ठेवून लांब उच्छ्वास सोडायचा आणि जबडा आवळायचा नाही, एवढीच गोष्ट शिकायला मला दोन महिने लागले. पस्तिसाव्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून योनिमुखाजवळच्या भागाला हलक्या हाताने मालिश केले. आपण पूर्वी तिथून प्रसूत झालेलो नसतो, त्यामुळे तो भाग पहिलटकरणीसारखाच ताठ असतो, हे माझ्याही लक्षात आले नव्हते. दोघांचे खाल्ले पाहिजे हा आग्रह मी नम्रपणे टाळला, कारण बाळ चार किलोच्या वर गेले की यशाची शक्यता घटते. डोहाळेजेवणाच्या ताटातले सगळे गोड नणंदेच्या पानात गेले, ती अजून त्यावरून चिडवते.

मनाविषयी मात्र जरा सविस्तर लिहिते. मलाही तुमच्यासारखीच रात्र आठवत असे. एका समुपदेशक बाईंनी ती मला कागदावर लिहायला सांगितली, तासातासाने, जेवढे आठवेल तेवढे, आणि मग तो कागद घेऊन मी नव्या डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी जुनी फाइल उघडून प्रत्येक तासाला काय घडत होते ते समजावले. माझी अशी समजूत होती की मला नीट जोर लावता आला नाही म्हणून सीझर झाले. प्रत्यक्षात बाळाचे तोंड माझ्या पोटाकडे होते आणि डोके फिरत नव्हते. जोर लावण्याची पाळी आलीच नव्हती. तीन वर्षे मी स्वतःला ज्या गोष्टीसाठी दोष देत होते, ती घडलीच नव्हती, हे कळल्यावर मी त्यांच्या टेबलासमोर बसून रडले.

दुसरे असे, की सोबत कोण असणार हे आधी ठरवा. कळांमध्ये सतत कोणी तरी जवळ असेल तर सीझरचे प्रमाण कमी होते, हे बऱ्याच देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे, आणि सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्याची परवानगी २०१६ पासून आहे. मी आईऐवजी मोठ्या जावेला नेले. आई माझ्या वेदना पाहून स्वतःच गळून जाते, आणि मला त्या वेळी तिला सावरायचे नव्हते. हे आईला सांगणे प्रसूतीहून कठीण गेले.

उत्तर ३ : दोनदाआई

मीही प्रयत्न केला होता. कळा आपोआप आल्या, नऊ तास सगळे व्यवस्थित चालले, सात सेंटिमीटरपर्यंत पोचले आणि मग यंत्रावर बाळाचे ठोके कमी होऊ लागले. दुसरे सीझर झाले. उघडल्यावर व्रण पातळ झालेला दिसला, उसवलेला नव्हता. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. यशस्वी झालेल्या बायका आपली गोष्ट उत्साहाने सांगतात आणि आमच्यासारख्या गप्प बसतात, त्यामुळे वाचणाऱ्यांना अर्धेच चित्र दिसते.

मला सांगायचे आहे ते असे, की त्या दुसऱ्या सीझरचीही तयारी मी आधी करून ठेवली होती, आणि तीच शेवटी कामी आली. छत्तिसाव्या आठवड्यात मी डॉक्टरांशी तसे बोलून घेतले होते: सीझर करावे लागले तर हात बांधू नयेत, काय चालले आहे ते मला ऐकू येईल असे सांगावे, बाळ ठीक असेल तर तिथेच छातीवर द्यावे, आणि भूल उतरेपर्यंत नवऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नये. यातले शेवटचे सोडून सगळे झाले. पहिल्या सीझरनंतर मी कित्येक महिने अस्वस्थ होते, दुसऱ्यानंतर आठव्या दिवशी ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होते, आणि त्याबद्दल डॉक्टरांची बोलणीही खाल्ली. पोट दोन्ही वेळा सारखेच चिरले होते. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी सही करण्यापूर्वी मला विचारले गेले आणि मी होय म्हणाले.

तुमच्या मनात थिएटरची एवढी भीती असेल, तर केवळ तिच्यापासून सुटण्यासाठी नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धरू नका. भीतीवर वेगळे काम करा. ऐनवेळी डॉक्टर आत चला म्हणाल्या आणि तुमच्या तोंडून आणखी अर्धा तास थांबा असे निघाले, तर तो अर्धा तास फार महाग पडू शकतो.

कृष्णाकाठ

तिघींचेही मनापासून आभार. रविवारी भावाने जुन्या घरच्या लोखंडी कपाटातून फाइल शोधून फोटो पाठवले. ऑपरेशनच्या नोंदीत खालच्या भागावर आडवा छेद, वाढवलेला नाही, टाके दोन पदरी, असे लिहिले आहे. बाळाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते, हेही तिथेच वाचले. मला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. साखर नॉर्मल आली. पुढच्या सोमवारी मिरजेला नाव नोंदवायला जाणार आहोत. आमच्या गावापासून गाडीने पन्नास मिनिटे लागतात. कळा सुरू झाल्यावर घरी किती वेळ थांबावे? आणि कळा सोसवेनाशा झाल्या तर पाठीतले इंजेक्शन घेता येते का, की त्यामुळे व्रणाचे दुखणे झाकले जाते?

प्रसूतिकक्ष

पाठीतले इंजेक्शन घेता येते. व्रण उसवू लागला की बहुतेक वेळा आधी बाळाच्या ठोक्यांत बदल दिसतो आणि तो यंत्र टिपते, त्यामुळे केवळ वेदनेच्या भरवशावर कोणी राहत नाही.

घरी थांबण्याबद्दल सांगायचे तर पहिलटकरणीला आम्ही देतो तेवढी मुभा तुम्हाला देणार नाही. कळा नियमित झाल्या, म्हणजे दर दहा मिनिटांनी येऊन तासभर टिकल्या, की निघा. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली, किंवा दोन कळांच्या मधल्या वेळेतही व्रणाच्या जागी दुखत राहिले, तर कळांची वाट न पाहता निघा. अडतिसाव्या आठवड्यापासून गाडी कोणाची, चालवणार कोण आणि मुलीजवळ रात्री कोण थांबणार, हे ठरवून ठेवा. एकोणचाळीस आठवडे झाल्यावर तिथल्या डॉक्टरांशी पुन्हा बसा आणि तारीख उलटली तर किती दिवस थांबायचे, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. ऑपरेशनच्या नोंदीची एक छापील प्रत गाडीच्या कप्प्यातही असू द्या.