शनिवार येतोय आणि टीम हरतेय: तुम्ही काय अपेक्षा ठेवता?

लिंकनकर
अमेरिकेतल्या नेब्रास्कात येऊन नऊ वर्षं झाली. नोकरीसाठी आलो, थंडीला घाबरलो आणि फुटबॉलच्या नादाला लागलो. (फुटबॉल म्हणजे इथला. सोललेल्या नारळासारखा चेंडू काखेत मारून पळायचं.) इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमचं, लिंकनचं मेमोरियल स्टेडियम नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला फुल्ल असतं. सामन्याच्या शनिवारी तिथे जेवढी माणसं बसतात, तेवढी वस्ती ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातल्या एकाही गावाची नाही. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं १९९७ चं. गाव अजून त्या पुण्याईवर जगतंय.

यंदा, २०२४ च्या मोसमात, ५-१ (पाच विजय, एक पराभव) अशी झकास सुरुवात झाली आणि मग इंडियानाने ५६-७ असं धुतलं. इंडियाना! ज्यांचं नाव वेळापत्रकात दिसलं की लोक त्या शनिवारी लग्नाची तारीख काढायचे. पाठोपाठ ओहायो स्टेट २१-१७, यूसीएलए २७-२०, आणि परवा यूएससी २८-२०. आता ५-५. बारातले सहा जिंकले की बोल गेम मिळतो, म्हणजे मोसम संपल्यावरचा एक मानाचा जादा सामना. आम्हाला सलग सात मोसम तो मिळालेला नाही. गेल्या वर्षी ५-३ होतो आणि उरलेले चारही घालवले. थोडक्यात, सहाव्या विजयाच्या दारापर्यंत आठ वेळा जाऊन आठही वेळा माघारी आलोय. येत्या शनिवारी, २३ नोव्हेंबरला, घरच्या मैदानावर विस्कॉन्सिन. त्यांच्याकडून सलग दहा वेळा हरलोय.

शेजारच्या आजोबांना विचारलं, काय वाटतं? ते अंगणातली पानं ओढत होते. साठच्या दशकापासून त्यांचं सीझन तिकीट आहे. म्हणाले, "हरायचं असेल तर लवकर हरावं. छपराच्या पन्हळीत पानं साचलीत, उजेड आहे तोवर साफ करता येतील."

मी सामन्याच्या सकाळी तिकीट गणपतीपुढे ठेवतो. हल्ली तिकीट फोनमध्येच असतं, म्हणून फोनच ठेवतो. बायको म्हणते, गणपतीला नियम तरी माहीत आहेत का? मलाही समजायला चार वर्षं लागली, त्याला लागू देत.

तर आपली टीम मार खात असताना पुढच्या सामन्याआधी मनात नेमकं काय असतं, ते लिहा. सल्ले नकोत.

टालाहासी
फ्लोरिडा स्टेट. गेल्या वर्षी १३-१, आज १-९. अपेक्षा: शनिवार येऊच नये.

बॉयलरवाला
पर्ड्यू विद्यापीठ, तिथे एमएस केलं. तुम्ही ५-५ वर रडताय? आम्ही १-९ आहोत. सप्टेंबरमध्ये नोत्र दामने आमच्याच घरी ६६-७ केलं. त्या दिवशी मी फिनिक्समध्ये टीव्हीसमोर होतो. हाफटाइमला टीव्ही बंद करून पंखे पुसले. तीन पंखे. हल्ली माझी अपेक्षा एवढीच, की पहिल्या हाफमध्ये एक टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) व्हावा, म्हणजे चहा सुखाने पिता येईल.

पण २०१८ चं सांगतो, कारण त्याच्यामुळेच मी अजून टीव्ही लावतो. त्या मोसमात पहिले तीन सामने हरलो होतो, मग तीन जिंकून ३-३. २० ऑक्टोबरला रात्री ओहायो स्टेट येणार, देशात दुसऱ्या नंबरची टीम. आमच्याकडे टायलर ट्रेंट नावाचा विद्यार्थी होता, हाडांचा कॅन्सर झालेला. त्याची गोष्ट तेव्हा सगळ्या देशाला कळली होती. त्याने टीव्हीवर सरळ सांगून टाकलं की पर्ड्यू जिंकणार. आम्ही म्हटलं, बिचारा. खरं सांगतो, "बिचारा" असंच म्हटलं.

दसरा नुकताच झाला होता आणि त्या संध्याकाळी आमची कोजागिरीच्या कार्यक्रमाची तालीम होती. मी तबल्यावर. साडेसातला सामना सुरू झाला तेव्हा फोन डग्ग्याला टेकवून ठेवलेला. स्कोअर बघता बघता माझा ठेका दोनदा चुकला. गाणाऱ्या ताई म्हणाल्या, "तू जा बाबा." रॉस-एड स्टेडियमपर्यंत धावत गेलो, तिकीट कुठलं असणार, बाहेर कुंपणाशी उभा राहून नुसता आवाज ऐकला. ४९-२०! आम्ही जिंकलो! सगळं स्टेडियम मैदानात उतरलं. टायलर त्या रात्री आत होता. १ जानेवारी २०१९ ला तो गेला, वीस वर्षांचा होता. विद्यार्थी आत जातात त्या गेटला आता त्याचं नाव आहे.

त्यामुळे ६६-७ नंतरही, पुढच्या शनिवारी कोणी "जिंकणार" म्हणालं तर मी हसत नाही.

कोल्हापुरी
कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणूस? रणजीच्या फायनलला कुत्रं फिरकत नाही आपल्याकडं. पण कळतंय मला. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल यांच्या मॅचेस ज्यांनी बघितल्यात, त्यांना हे नवं नाही. आपल्या तालमीची टीम दोन गोलनं मागं असली तरी उठून जायचं नाही, कारण पेठेत शिरताना कोण आधी परतला ते सगळे बघत असतात. अपेक्षा वगैरे काही नसती भावा, इज्जत असती.

ओक ट्री रोड
न्यू जर्सी. आमचं रटगर्स. जगातला पहिला कॉलेज फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्सटनमध्ये झाला आणि आम्ही ६-४ ने जिंकलो. माझे यजमान म्हणतात, तिथेच थांबायला हवं होतं.

मुलगा शिकत होता तेव्हा, ऑक्टोबर २०१६ मध्ये, हौसेने मिशिगनचा सामना बघायला गेलो. ७८-०. सबंध सामन्यात आमचे दोन फर्स्ट डाऊन. (दहा यार्ड पुढे सरकलं की एक फर्स्ट डाऊन. दोन म्हणजे जवळजवळ हललोच नाही.) पन्नासच्या पुढे मोजणं सोडलं आणि एडिसनला येऊन डोसा खाल्ला. तिथे लाल टी-शर्टातली आणखी दोन कुटुंबं बसली होती. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

पुढे बिग टेन या आमच्या लीगमधले सलग एकवीस सामने हरलो. त्या काळात मुलाचा फोन आला की मी "सामना कसा झाला" विचारायचं नाही, असा घरात नियम होता. मग २०२० चा दसऱ्याचा आदला दिवस. कोविड, स्टेडियमं रिकामी, आमचा सामना मिशिगन स्टेटच्या घरी. मी झेंडूची तोरणं ओवत होते, टीव्ही आपला चालू. ३८-२७ ने आम्ही जिंकलो. मुलगा आणि त्याचे बाबा ओरडले, त्यांचा आवाज घरात घुमला, आणि टीव्हीवर प्रेक्षकांचा आवाजच नाही. इतक्या वर्षांनी जिंकलो आणि बघायला कोणी नाही. सुई बोटात गेली ती वेगळीच.

नॅशविलचा बाबा
कबुली देतो. व्हँडरबिल्ट गेल्या वर्षी २-१०. त्यामुळे गेल्या महिन्यात अलाबामा येणार, देशात पहिल्या नंबरवर, तेव्हा मी माझी दोन तिकिटं अलाबामाच्याच एका माणसाला विकली. चांगला भाव मिळाला. तीसच्या आत हरलो तर घरी श्रीखंड, असं मुलीला सांगितलं होतं.

४०-३५. आम्ही. पहिल्या पाचांतल्या टीमविरुद्ध त्याआधी साठ सामने खेळलो होतो आणि साठही हरलो होतो. मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पण पुढचं ऐका. पोरांनी गोलपोस्ट उपटला आणि खांद्यावर घेऊन निघाली गावातून, ब्रॉडवेवरून, थेट कंबरलँड नदीकडे. आम्ही गाडी लांब लावून धावत गाठलं. पिवळा खांब डोक्यांवरून डोलत येतोय, खालची पोरं खांदे बदलतायत, कडेला लोक फोन वर धरून उभे. मी दादरला वाढलो, मला हे बघून कोण आठवणार? सगळं तेच, फक्त ढोल तेवढा नव्हता. नदीत टाकला तेव्हा तोंडातून आपसूक निघालं, "पुढच्या वर्षी लवकर या." शेजारच्या गोऱ्या पोराने विचारलं, काय म्हणालात? म्हटलं, प्रार्थना.

जुना इव्हॅन्स्टनकर
गोलपोस्ट पाण्यात बुडवण्याचा मान आमचा, बरं का. मी १९८० साली नॉर्थवेस्टर्नला पीएचडीला आलो. १९७९ ते १९८२ मध्ये टीम सलग ३४ सामने हरली. पहिल्या वर्षी अपेक्षा होती जिंकण्याची, दुसऱ्या वर्षी पराभवाच्या विक्रमाची. थट्टा नाही करत. १९८१ मध्ये सर्वाधिक सलग पराभवांचा विक्रम मोडला तेव्हा विद्यार्थी मैदानात उतरून "आम्हीच सर्वांत वाईट" असं ओरडत नाचले. मीही होतो त्यात, कानटोपी घालून. गाईड मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुमचा प्रबंध एवढ्या उत्साहाने लिहा.

२५ सप्टेंबर १९८२ ला नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ ने हरवलं आणि गोलपोस्ट थेट मिशिगन सरोवरात. १९९५ च्या मोसमात तर बिग टेन जिंकून 'रोज बोल' या बोल गेमपर्यंत गेलो. पण माझ्या पिढीतल्या कोणालाही भेटा, तो आधी ते ३४ सांगेल आणि मग जमलं तर रोज बोल.

ओमाहाची
काका, तुमच्या नॉर्थवेस्टर्नला २०२२ मध्ये डब्लिनला एक विजय आम्हीच भेट दिला. विसरलात?

२८-१७ ने पुढे होतो हो! पुढे! आणि आमच्या कोचला सुचलं ऑनसाइड किक, म्हणजे मुद्दाम आखूड किक मारून चेंडू आपणच परत मिळवायचा डाव. मी दुपारी पोहे फोडणीला टाकले होते, तो चेंडू आखूड उडालेला बघितला आणि कढई तशीच राहिली. ३१-२८ ने गेला सामना, पोहे करपले. नॉर्थवेस्टर्न पुढचे अकराही सामने हरली, म्हणजे त्या अख्ख्या मोसमात तुम्ही हरवलेली एकमेव टीम आम्ही. आणि २०२१ तर काय बोलावं? ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. नऊ वेळा शेवटच्या मिनिटापर्यंत आशा. त्यापेक्षा ७८-० बरं, काकूंना निदान डोसा तरी वेळेवर मिळाला.

लिंकनकर, तुमच्या आजोबांचं अगदी पटलं. लवकर हरा नाहीतर नीट जिंका. मधलं सोसत नाही.

जुना इव्हॅन्स्टनकर
डब्लिनबद्दल आभारी आहे.

बोल्डर
मी उलटं सांगतो. कोलोरॅडो २०२२ मध्ये १-११, मग डिऑन सँडर्स कोच म्हणून आले आणि एकदम सगळ्यांना आमची तिकिटं हवी झाली. १३ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार, समोर स्टॅनफर्ड, हाफटाइमला आम्ही २९-० ने पुढे. थंडी होती, मी समाधानाने घरी येऊन झोपलो. सकाळी उठून बघतो तर दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४६-४३ ने हरलेलो. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पितृपक्षात कशाला खेळतात?

तेव्हापासून पुढे असताना जास्त भीती वाटते.

बँडवाल्या मुलीची आई
कॉलेजचं नाव नाही सांगत, टीम सांगण्यासारखी नाही. मुलगी बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. टीम हरली म्हणून बँडला लवकर जाता येत नाही. प्रेक्षक गेले तरी हे दोनशेजण रिकाम्या बाकांकडे बघत वाजवत असतात. नोव्हेंबरात ट्रंपेटचा मुखाचा भाग ओठाला चिकटेल इतका गार होतो, म्हणून ती तो खिशात मुठीत धरून ऊबवते. हातमोज्यांची बोटं मीच कापून शिवून दिलीत. तिसऱ्या क्वार्टरला आपण पस्तीसने मागे असलो की तिच्या शेजारचा ट्रोम्बोनवाला हळूच विचारतो, रात्री जेवायला काय?

माझी अपेक्षा विचाराल तर एक टचडाऊन. टचडाऊन झाला तरच कॉलेजगीत वाजवायला मिळतं, आणि ती ते फार छान वाजवते. मागचा एक सामना एकदाही न वाजवता परत आली. गाडीत बोलली नाही, नुसता मोजा घालत-काढत होती.

कोल्हापुरी
मावशी, हे वाचून मी बी तुमच्या टीमचा.

लिंकनकर
शनिवार रात्र. ४४-२५.

बारा वर्षांनी विस्कॉन्सिनला हरवलं आणि बोल गेम मिळाला. तिसऱ्या क्वार्टरपासून मुलगा विचारत होता, "बाबा, आता हरायला सुरुवात कधी?" अकरा वर्षांचा आहे, त्याने दुसरं काही बघितलेलंच नाही. चौथ्या क्वार्टरला मी बोल्डरवाल्यांची आठवण काढून खुर्चीत नुसता उकिडवा बसून होतो. शेवटची शिट्टी झाली आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईंनी माझ्या हातातलं अर्धं रन्झा खाली पाडलं, मिठी मारताना. (रन्झा म्हणजे खिमा आणि कोबी भरलेला पाव, आमच्याकडचा वडापाव समजा.)

आजोबा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. रात्री आठला खिडकीतून बघितलं तर कपाळावर टॉर्च बांधून, शिडी लावून पन्हळ साफ करतायत. म्हटलं, आजोबा, उद्या करा की! म्हणाले, उद्या दिवसभर सामना परत बघायचाय.

शुक्रवारी आयोवा, त्यांच्या गावी. फोन आत्तापासून गणपतीपुढे आहे, त्यामुळे उत्तरं उशिरा देईन.