ध्रुवतारा झाडाआड जातोय, पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीच्या स्टँडचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडं रोखणं) कशी करू?

खानापूर_साइड: नमस्कार मंडळी, जानेवारीच्या अमावस्येला मामाच्या शेतातनं मृगातल्या नेब्युलाचा (तेजोमेघाचा), एम ४२ चा, फोटो काढायचा बेत करालोय. ८० एमएमचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), मोटरवाला ईक्यू५ माउंट (ताऱ्यांमागं फिरणारा स्टँड) आणि जुना कॅनन कॅमेरा. घोळ असा की आपल्याकडं ध्रुवतारा मुळात १६ अंशावर, त्यात उत्तरेला आंब्याची रांग आणि त्यामागं बेळगावचा उजेड, पोलर स्कोपात (माउंटमधली ध्रुवतारा धरायची छोटी दुर्बीण) काय दिसतच नाही. लॅपटॉप नेणार नाही, शेतात करंटचा भरवसा नाही. ३० सेकंदाच्या फोटोत तारे गोल येतील काय?

टिळकवाडीकर: येतील की. ड्रिफ्ट अलाइनमेंट (तारा कुठं सरकतो ते बघून अक्ष जुळवणं) करा, त्याला ध्रुवतारा लागतच नाही. माउंट लेव्हल करून अल्टिट्यूड (अक्षाची उंची) १६ अंशावर ठेवा, होकायंत्रानं उत्तर धरा (लोखंडापासनं लांब उभं राहून बघा). मृगाच्या पट्ट्यातला मिंटाका जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, तो दक्षिणोत्तर रेषेवर आला की कॅमेऱ्याचा लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट करून बघत बसा. तारा दक्षिणेकडं सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेकडं सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली असलेला एखादा तारा धरा, तो दक्षिणेकडं सरकला तर अक्ष खाली आहे, थोडा उचला. परत मिंटाका. कंटाळवाणं काम आहे पण ३० सेकंदाला पुरतं. आणि उजेडाचं टेन्शन घेऊ नका, मृग दक्षिणेला, बेळगाव तुमच्या पाठीला, उलट बरंच झालं.

निपाणीचा_दुर्बिणवाला: दादांनी सांगितलंय ते बरोबर, पण एवढ्या कमी अक्षांशाला काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) ट्रायपॉडच्या पायाला घासतोय का ते दिवसा उजेडीच फिरवून बघा. फोकस बाहतिनोव्ह मास्कनं (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी), आणि गारठा वाढला की परत एकदा, कारण नळी आकसते. दव तर मरणाचं पडतं, योगा मॅटची नळी करून पुढं लावा, हीटर पट्टी असली तर १२ व्होल्टची बॅटरी न्या. नेब्युलाचा मधला भाग ३० सेकंदात पांढरा फटक होतो, तेवढ्यासाठी ५-१० सेकंदाचे वेगळे काढा.

चंदगड_रोड: अमावस्येला मध्यरात्री शेतात लाल लाईट 😂 शेजारच्या शेतवाल्यांना आधीच सांगून ठेव बाबा, नाहीतर सकाळी गावभर लिंबू-मिरच्या. गवे येतात काय तिकडं? एकटा जाऊ नको.

खानापूर_साइड: मामा सोबत आहेत, गव्यांचं ते बघतील 😄 ते ५-१० सेकंदाचे ३० वाल्यांबरोबरच स्टॅक करायचे (एकावर एक रचून एक फोटो करायचा) काय?

निपाणीचा_दुर्बिणवाला: नाही नाही, दोन्ही वेगळे स्टॅक करा, मग फोटो एडिटिंगमधल्या लेयर मास्कनं फक्त मधला भाग बसवा. डार्क (नॉइज वजा करायचे काळे फोटो) पण दोन्हीचे वेगळे लागतील, तिथंच टोपण लावून काढून घ्या.