काबो पुल्मो: प्रवाळ राखायचे असतील तर शेजारच्या किनाऱ्यावर काय बांधू द्यायचं?

सागरवेडी

मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाजवळ काबो पुल्मो नावाचं लहानसं गाव आहे. गावासमोरचा प्रवाळ खडक 1995 साली राष्ट्रीय सागरी उद्यान झाला, क्षेत्र सुमारे 7,111 हेक्टर. त्याआधी वारेमाप मासेमारीने तिथले मोठे मासे जवळजवळ संपले होते. उद्यान व्हावं म्हणून पुढे आली ती गावातली मच्छीमार कुटुंबंच, विद्यापीठातले संशोधक त्यांच्या सोबतीला. कायद्याने मासेमारी बंद होती ती उद्यानाच्या एका भागात. गावाने ती सगळीकडेच थांबवली आणि पहाराही स्वतःच ठेवला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1999 आणि 2009 ची तुलना आहे. या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन 463 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे हेक्टरी पाऊण टनावरून सव्वाचार टनांवर गेलं. शार्क परतले, मोठे ग्रुपर परतले.

आणि हे सगळं रुळत असतानाच 2008 साली उद्यानाला लागून उत्तरेला ‘काबो कोर्तेस’ नावाच्या प्रकल्पाला सरकारने सशर्त मंजुरी दिली. जवळजवळ 3,800 हेक्टर जागा, हजारो खोल्या, गोल्फची मैदानं, 490 नौका लावून ठेवायची मरीना, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प. गावकरी, शास्त्रज्ञ आणि संघटना चार वर्षं भांडल्या. 15 जून 2012 रोजी राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांनी तो रद्द झाल्याचं जाहीर केलं. दोन वर्षांत त्याच जागेवर ‘काबो दोरादो’ नावाने दुसरा प्रस्ताव आला. विरोध पेटल्यावर तोही मागे घेतला गेला.

माझं मत सरळ आहे. संरक्षित प्रवाळाला खेटून एवढ्या आकाराचं काहीही होता कामा नये, ‘अटी घालून’सुद्धा नाही. उद्यानाची हद्द आपण पाण्यात आखतो, पण प्रवाळ मारणाऱ्या बऱ्याच गोष्टी जमिनीवरून येतात. बाहामधले ओढे वर्षातला बहुतेक काळ कोरडे असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एखादं चक्रीवादळ येतं आणि काही तासांत ओढा दुथडी भरून समुद्राला मिळतो. मागच्या टेकड्यांवर काटेरी झुडपं आहेत तोवर माती बरीचशी जागच्या जागी राहते. तीच जमीन गोल्फसाठी सपाट केलीत की एका पुरात ती सगळी प्रवाळावर जाऊन बसणार.

माती बसली की काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्रवाळाचा एकेक जीव काही मिलिमीटरचा. अंगावर गाळ पडला की तो चिकट स्राव सोडून गाळ ढकलत राहतो, आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. त्याच्या पेशींत राहणारं शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवून त्याला देत असतं. पाणी गढूळ झालं की तेही अन्न कमी पडतं. म्हणजे खर्च वाढला आणि मिळकत घटली. थोडे दिवस तो तग धरतो. गाळ वारंवार येत राहिला तर मरतो, आणि त्याच्या सांगाड्यावर दुसरंच शैवाल माजतं.

सडेतोड

तळमळ पोचली, तरी असहमत.

काबो पुल्मोत माणसं किती? दोनेकशे. तेवढ्यांची चूल प्रवाळावर चालते, छान आहे. पण जवळच्या लॉस काबोस या हॉटेलांनी भरलेल्या परिसरात कामासाठी देशभरातून आलेली जी हजारो माणसं राहतात त्यांचं काय? हॉटेलात चादरी बदलणारी बाई आणि बांधकामावरचा गवंडी या चर्चेत कुठेच दिसत नाहीत. प्रकल्प रद्द झाला की पर्यावरणवाल्यांना आनंद होतो, पण ज्यांना तिथे नोकरी मिळाली असती त्यांची मोजदाद कोणी करत नाही. न झालेली नोकरी फोटोत दाखवता येत नाही ना.

दुसरं, प्रवाळ पर्यटनाची जागतिक उलाढाल वर्षाला 36 अब्ज डॉलर आहे असं संशोधकच सांगतात. हे पैसे हॉटेलं, विमानं, बोटी यांतूनच येतात. हॉटेल नको आणि पर्यटनाचा पैसा मात्र हवा, असं कसं चालेल? नियम कडक करा, सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करा, तपासणी ठेवा. मोठं म्हणजे वाईटच हे मला पटत नाही. उलट मोठ्या प्रकल्पालाच चांगली यंत्रणा परवडते. पन्नास छोट्या गेस्टहाउसांचे पन्नास शोषखड्डे जास्त घाण करतील.

कंत्राटी

सडेतोड, शोषखड्ड्यांचा मुद्दा बरोबर आहे. बाकीच्या बाबतीत साइटवर काय होतं ते सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या बांधकामातच मी आयुष्यभर नोकरी केली.

परवानगीच्या पत्रात अटींची लांबलचक यादी असते. त्यातली एक नेहमीची: ड्रेजिंग करताना, म्हणजे समुद्राचा तळ यंत्राने उपसताना, भोवती गाळ अडवणारा पडदा लावावा. पडदा म्हणजे वर तरंगणारे फुगे, खाली वजनाची साखळी आणि मध्ये जाड कापड. शांत खाडीत तो चांगलं काम करतो. उघड्या समुद्रात लाट जरा वाढली की कापड एका बाजूला झुकतं, खालून फट पडते आणि गाळ बिनदिक्कत बाहेर जातो. मग नियमाप्रमाणे काम थांबवायचं. पण ड्रेजर दिवसाच्या भाड्यावर असतो. तो उभा ठेवायचा हुकूम द्यायला साइटवरचा कोणीही धजावत नाही. मी तरी असा हुकूम निघालेला पाहिलेला नाही. यात कोणी खलनायक नसतो. प्रत्येक जण आपापलं वेळापत्रक सांभाळत असतो.

आणि मरीना म्हणजे एकदा खणून संपणारं काम नव्हे. वाळू सरकत राहते, तोंड बुजतं, पुन्हा उपसावं लागतं. म्हणजे गाळाचा त्रास कायमचा.

गोड्या पाण्याचंही तेच. वाळवंटी भागात एवढ्या खोल्यांना आणि हिरवळींना पाणी आणणार कुठून? समुद्रातून. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या अशा प्रकल्पांचा हिशेब मांडला होता: एक लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर अतिखारं पाणी उरतं. ते जड असतं, तळाशी बसतं. आणि प्रवाळ तळाशीच असतो.

निळाई

मला वेगळीच शंका आहे, आणि ती वादासाठी वाद म्हणून मांडत नाहीये. 2023 पासून जगभर जी प्रवाळ पांढरे पडण्याची लाट आली, तिची झळ पृथ्वीवरच्या सुमारे 84 टक्के प्रवाळ क्षेत्राला लागली. नोंद झालेली अशी ही चौथी जागतिक लाट. पाणी तापत राहिलं तर रिसॉर्ट असो वा नसो, प्रवाळ जाणारच. मग शेवटी जे जाणारच आहे त्यासाठी आज माणसांचा रोजगार अडवायचा, हे न्याय्य आहे का? वाचताना मनात हेच येत राहिलं.

सागरवेडी

निळाई, हा प्रश्न टाळता येणार नाही, म्हणून आधी त्याचंच उत्तर.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. उष्णतेने त्याच्यातलं शैवाल निघून गेलेलं असतं. काही आठवड्यांत पाणी थंड झालं तर ते पुन्हा वस्तीला येतं आणि प्रवाळ सावरतो. तो सावरेल की नाही हे पुष्कळसं आजूबाजूच्या स्थितीवर ठरतं. पाण्यात सांडपाण्याचं नत्र-स्फुरद असेल तर मोकळ्या झालेल्या जागेवर शैवाल आधी कब्जा करतं आणि प्रवाळाच्या पिल्लांना टेकायला खडकच उरत नाही. शैवाल खाणारे पोपटमासे भरपूर असतील तर ती जागा साफ राहते. तापमान एका गावाच्या किंवा एका देशाच्या हातात नाही. गटार आणि गाळ आहेत. तापाने फणफणलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं का, एवढाच हा प्रश्न आहे. ‘जाणारच आहे’ हे म्हणायला सोपं आहे, पण कुठला प्रवाळ टिकेल हे अजून ठरायचंय, आणि ज्याच्यावर बाकीचा भार कमी त्याला संधी जास्त.

सडेतोड, तुमच्या ‘पूर्ण प्रक्रिया करा’बद्दल. फिलिपिन्सचं बोराकाय आठवतं का? 2018 साली सरकारला ते अख्खं बेट पर्यटकांसाठी सहा महिने बंद करावं लागलं, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. कायदे तिथेही होते. बेट बंद झालं तेव्हा सर्वांत आधी घरी बसली ती तुमची चादरी बदलणारी बाईच. मेक्सिकोतल्याच कानकुनमध्ये वाळूच्या टेकड्या सपाट करून त्यावर हॉटेलं उभी केली. 2005 च्या विल्मा वादळात किनाऱ्याची वाळू वाहून गेली आणि नंतर समुद्राच्या तळातून उपसून ती पुन्हा भरावी लागली, तीही एकदा नव्हे. त्या खर्चाचा आकडा कुठल्याही प्रकल्पाच्या मूळ प्रस्तावात नव्हता.

सडेतोड

बोराकायचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बंद केलं, दुरुस्त केलं, पुन्हा उघडलं. म्हणजे राज्यकर्त्यांनी मनावर घेतलं तर सुधारता येतं.

कंत्राटी

किनाऱ्याची वाळू सुधारता येते. प्रवाळ सहा महिन्यांत उगवत नाही हो. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, गोल दगडासारखे असतात ते जेमतेम एखादा सेंटिमीटर. दुरुस्तीसाठी लागणारा काळ दोन्हीकडे सारखा नाही, आणि तुमचा सगळा युक्तिवाद तो सारखा धरून चाललाय.

पाहुणचार

हॉटेल व्यवसायातला आहे, त्यामुळे मला दोन्ही बाजू थोड्या टोकाच्या वाटतात.

झांझिबारजवळच्या चुम्बे बेटावर प्रवाळ राखीव आहे आणि त्याला लागून राहण्याची सोय आहे: फक्त सात झोपड्या. छपरावर पावसाचं पाणी साठवायचं, मैल्याचं खत करायचं, म्हणजे समुद्रात काही सोडायचंच नाही. त्या झोपड्यांच्या उत्पन्नातून राखणदारांचे पगार निघतात आणि शाळेची मुलं प्रवाळ पाहायला येतात. तेव्हा ‘हॉटेल म्हणजे शत्रू’ हे खरं नाही.

पण ‘मोठं असलं तरी चालेल’ हेही आमच्या धंद्याचं गणित माहीत असलेला माणूस म्हणणार नाही. हजारो खोल्यांचं कर्ज फेडायला खोल्या भरलेल्याच लागतात. मग दर उतरवायचे, माणसं वाढवायची, आणि ती सगळी स्नॉर्केलिंगला त्याच खडकावर पाठवायची. ‘आज खडकावर एवढेच लोक’ अशी मर्यादा पाळणं मोठ्या मालमत्तेला परवडत नाही. सात झोपड्यांना परवडतं. प्रवाळ जपणारं सनस्क्रीन, टॉवेल पुन्हा वापरा अशा पाट्या, हे सगळं आम्ही करतो आणि करावंच, पण खोल्यांच्या संख्येपुढे त्याचा परिणाम नगण्य आहे.

सडेतोड

सात झोपड्यांत किती जणांना काम मिळणार? आणि रात्रीचं भाडं कोणाला परवडणार? प्रवाळ पाहण्याचा हक्क फक्त श्रीमंतांना, असा याचा अर्थ होतो. मोठ्या हॉटेलात निदान मध्यमवर्गीय कुटुंब तरी जाऊ शकतं. याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

शिवाय ज्याची जमीन उद्यानाशेजारी आहे त्याने काय करायचं? उद्यान पाण्यात, बंधन त्याच्या जमिनीवर. भरपाई देणार का? देणार असाल तर पैसे कुठून?

सागरवेडी

भाड्याचा मुद्दा मान्य आहे, आणि तो गंभीर आहे. पण प्रवाळ पाहायला त्याच्याच काठावर झोपावं लागत नाही. काबो पुल्मोला लोक लॉस काबोसहून सकाळी येतात, गावातल्याच माणसांच्या बोटीतून डुबकी मारतात आणि संध्याकाळी परत जातात. खोल्या तिथे आहेतच, विमानतळ तिथे आहे, तुम्ही म्हणता त्या नोकऱ्याही तिथे आहेत. नवी खोली हवी असेल तर जिथे किनारा आधीच बांधून झालाय तिथे बांधा.

भरपाई द्यायलाच हवी, यात मी तुमच्या बाजूने आहे. बंधन घालून जमीनमालकाला वाऱ्यावर सोडलं की तोच उद्या प्रकल्पवाल्याला जमीन विकतो. पैशाचा एक नमुना मेक्सिकोतच आहे. किन्ताना रो राज्यात किनाऱ्याच्या देखभालीसाठी निधी उभा केला आणि प्रवाळाचा चक्क विमा उतरवला. 2020 च्या डेल्टा वादळानंतर भरपाई मिळाली आणि मोडलेले प्रवाळ पुन्हा जोडायच्या कामाला ती लागली. प्रवाळ लाटांचा जोर सरासरी 97 टक्के शोषून घेतो, त्यामुळे त्याच्या मागची हॉटेलंही त्याच्याच आडोशाला आहेत. मग लॉस काबोसच्या प्रत्येक खोलीमागे थोडी पट्टी घ्या आणि ती उद्यानाशेजारची जमीन मोकळी ठेवणाऱ्याला द्या.

आणि बेलीझ पाहा. तिथली प्रवाळरांग 2009 साली जागतिक वारशाच्या धोक्यातल्या यादीत गेली, त्यामागे खारफुटीची तोड आणि किनाऱ्यावरच्या जमिनींची विक्री हे मोठं कारण होतं. सरकारने खारफुटीचे नियम घट्ट केले, समुद्रातलं तेल काढणं कायद्याने थांबवलं. 2018 साली ती यादीतून बाहेर आली. निर्णय जमिनीवर झाला, फरक समुद्रात पडला.

सडेतोड

खोलीमागे पट्टी हे मला चालेल, जर तिचा हिशेब दरवर्षी जाहीर होणार असेल आणि पैसा खरोखर जमीनमालकापर्यंत पोचणार असेल. सरसकट बंदी मात्र अजूनही पटत नाही. उद्यानापासून किती अंतरापर्यंत बंदी म्हणता? पाच किलोमीटर? वीस? आकडा सांगा, मग पुढे बोलू.

कंत्राटी

किलोमीटरमध्ये मोजलंत तर पुन्हा तीच चूक होईल. जो ओढा प्रवाळाच्या पाण्यात उतरतो त्याचं सगळं पाणलोट क्षेत्र धरा, मग ते किनाऱ्यापासून कितीही आत जावो. समुद्राच्या बाजूने प्रवाहाची दिशा बघा, आणि तीही दोन्ही ऋतूंतली. काबो कोर्तेसच्या वेळी वाद झाला तो याच्यावरच: प्रवाह गाळ प्रवाळापासून दूर नेईल की प्रवाळाकडे. काबो पुल्मो ज्यावर आहे त्या कॅलिफोर्नियाच्या आखातात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात प्रवाहाची दिशा बदलते. एकाच ऋतूत मोजमाप करून अहवाल लिहिला तर हवं ते उत्तर मिळतं. तेव्हा आधी वर्षभराची मोजमापं, तीही प्रकल्पवाल्याने न नेमलेल्या माणसाकडून, आणि त्यानंतर हद्द.