नववीच्या वर्गाला अपूर्णांक येत नाहीत, पोर्शन पुढे न्यावा की मागे जावं?

खडू_आणि_फळा

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिक्षण सेवक म्हणून लागलेय, पहिलंच वर्ष आहे, गणित शिकवते. माझ्याकडे नववी ब आहे, पट ६४. आठवड्याला ७ तास मिळतात, त्यातला एखादा कार्यक्रमात नाहीतर कुणाच्या तरी बदली तासात जातोच.

पहिली घटक चाचणी झाली तेव्हाच पोटात गोळा आला होता. वास्तव संख्या शिकवत होते, सहज म्हणून एका मुलाला फळ्यावर ३/४ अधिक १/२ करायला सांगितलं, त्यानं वरचे वरचे आणि खालचे खालचे मिळवून ४/६ लिहिलं. मी वर्गाला विचारलं बरोबर आहे का, तर निम्म्याहून जास्त हात वर. त्या दिवशी पुढचं काही शिकवलंच नाही. नंतर हळूहळू कळत गेलं की काहींना भागाकार येत नाही, चार-पाच जणांना तर १२ च्या पुढचा पाढा नाही. आणि ही मुलं मठ्ठ अजिबात नाहीत हो, बाजारच्या दिवशी त्यातलाच एक भाजीच्या गाड्यावर भराभर हिशोब करताना मी स्वतः बघितलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊसतोड. दसऱ्यापासूनच वर्गात कुजबुज सुरू होते, कुणाची टोळी कुठल्या कारखान्याला चालली, कोण आजीपाशी राहणार, कोण जाणार. दिवाळीनंतर शाळा उघडली तर माझ्या वर्गातली १७ मुलं नाहीत. ती थेट मार्च-एप्रिलला येणार, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर.

वरिष्ठांचं म्हणणं असं की मागचं उकरत बसू नका, पोर्शन संपवा, नववीचा पोर्शन राहिला की दहावीचा निकाल खाली येतो. त्यांचंही चुकतं असं नाही, संस्थेला निकाल दाखवावा लागतो. पण ज्याला अपूर्णांक येत नाही त्याला मी बहुपदी कशी शिकवू? आणि सगळा वर्ग मागे नेला तर ज्या १५-२० मुलांना येतं त्यांचं काय? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज, मला खरंच रात्री झोप लागत नाहीये.

---

सांगोल्याचा_मास्तर

मॅडम, २६ वर्षं गणित शिकवलं, मागच्या वर्षी रिटायर झालो. आधी हे मनातून काढा की तुमचं काही चुकतंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मूल मागे ठेवायचं नाही असं ठरलं, तो नियम वाईट नव्हता, पण मूल वर चढवताना त्याला काय येतं ते कुणी बघायचं हे राहून गेलं. आता पाचवी आणि आठवीला परीक्षा आणलीय, पण तुमच्या समोर बसलेली मुलं खालच्या बहुतेक वर्गांतून तशीच वर आलेली आहेत. सगळा साठलेला गाळ नववीत दिसतो.

आता कामाचं सांगतो. अख्खा वर्ग मागे नेऊ नका. आधी एकेका मुलाला जवळ बोलावून तोंडी बघा, दोन मिनिटं पुरतात. ते 'असर'चे, म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं त्याची पाहणी करणारे लोक खेडोपाडी करतात ना तसं, दोन अंकी वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं का, बस. लेखी चाचणी घेऊ नका, शेजारच्याचं बघून लिहितात आणि तुम्हाला खोटं चित्र मिळतं. ६४ मुलं म्हणजे रोज ८ जरी घेतली तरी दीड आठवड्यात संपतं. हजेरीच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे फक्त एवढंच लिहा की गाडी कुठे अडलीय.

मग रोज तासाची पहिली १० मिनिटं फक्त त्यासाठी. पाढे, भागाकार, अपूर्णांक. तीन रांगांना तीन वेगळी उदाहरणं फळ्यावर. बाकीची २५ मिनिटं पोर्शन. वरिष्ठांना पण सांगता येतं की पोर्शन चालू आहे.

आणि सगळे धडे सारखे नसतात हे लक्षात घ्या. संच हा धडा बघा, त्यात अपूर्णांकाचं काही अडत नाही, मागे पडलेलं मूल तिथे पुढच्या मुलाच्या बरोबरीने धावतं. सांख्यिकीतही बरंचसं तसंच. असे धडे मी मुद्दाम कच्च्या मुलांना फळ्यावर बोलावण्यासाठी ठेवायचो, एकदा सगळ्यांसमोर बरोबर आलं की ते पोरगं पुढचे पंधरा दिवस मान वर करून बसतं. उलट गुणोत्तर व प्रमाण आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे, हे दोन घाईत उरकू नका, कारण दहावीला भूमितीचा पहिलाच धडा समरूपता आणि बीजगणिताचा पहिला धडा परत दोन चलांतील रेषीय समीकरणे. नववीत गुणोत्तर कच्चं राहिलं तर दहावीच्या जूनमध्येच भूमिती सुटते. त्रिकोणाचं पण तसंच.

एक कळकळीची विनंती. काही ठिकाणी नववीलाच कच्ची मुलं नापास करून बाजूला काढतात आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बस म्हणतात, शाळेचा निकाल छान दिसतो. मी हे जवळून बघितलंय आणि सुरुवातीची काही वर्षं गप्प बसलो होतो याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही गप्प बसू नका.

---

आई_९वी

माझी मुलगी अशाच एका वर्गात आहे, तालुक्यालाच. तिला गणित आवडतं. मॅडम, तुमची तळमळ कळतेय पण माझी बाजू पण सांगते. दोन महिने तिच्या वर्गात सर फक्त भागाकार घेत होते, ती घरी येऊन म्हणायची आज पण काहीच नवीन नाही. शेवटी आम्हाला क्लास लावावा लागला आणि तो आम्हाला परवडणारा नाही, मिस्टरांची टपरी आहे. हुशार मुलं पण त्याच शाळेवर अवलंबून असतात, त्यांच्यामागे पैसा आहे असं नसतं.

वरचं १० मिनिटांचं मला पटलं. फक्त त्या १० मिनिटांत पुढच्या मुलांना नुसतं इतरांना शिकवायला बसवू नका, कधीतरी ठीक आहे, पण रोज नको. त्यांना एखादं अवघड गणित द्या ना, एक असू दे पण डोकं खाजवायला लावणारं.

---

सांगोल्याचा_मास्तर

ताई, अगदी बरोबर बोललात, ही चूक आमच्याकडून होते. भूमितीची सिद्धता द्यावी अशा मुलांना, एकच प्रमेय दोन रीतींनी करून आणा म्हणावं.

---

कोपीतला_पोऱ्या

मी एरवी इथे फक्त वाचतो पण हे वाचून लिहावं वाटलं. मी त्याच १७ मधला आहे मॅडम. म्हणजे तुमच्या वर्गातला नाही, पण आठवी नववी दोन्ही वर्षं आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलो, कोल्हापूरकडे. घरी आजी होती पण ती आजारी असायची, म्हणून धाकट्या बहिणीला सांभाळायला मला नेलं. सध्या चाकणला कंपनीत आहे, आयटीआय झालं.

अभ्यास बुडतो त्याचं दुःख असतंच पण त्याहून जास्त लागतं ते परत आल्यावरचं. आठवीत असताना मी मार्चमध्ये वर्गात पाय ठेवला तर एक सर म्हणाले आले का पाहुणे, सगळा वर्ग हसला. माझी बसायची जागा दुसऱ्याला दिलेली. मी मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन निघून गेलो आणि आठ दिवस गेलोच नाही. घरी पण सांगितलं नाही.

नववीला वर्गशिक्षक बदलले. या सरांनी दिवाळीच्या सुट्टीआधी आम्हा जाणाऱ्या सगळ्यांना थांबवून घेतलं आणि प्रत्येकाला एक दोनशे पानी वही दिली, स्वतःच्या पैशाने. म्हणाले पुस्तकातलं जमलं नाही तर नको, तुझ्या बापाच्या टोळीचा हिशोब रोज यात लिही. मला आधी कळलंच नाही त्यात काय अभ्यास. पण मी लिहायला लागलो. आज किती टन भरला, टनाला भाव काय, एका कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या वाट्याला किती, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली होती आणि त्यातले किती फिटले. जानेवारीत माझ्या लक्षात आलं की टोळीच्या मुकादमाचा आकडा आणि माझा आकडा जुळत नाही. वडिलांना दाखवलं. ते आधी रागावले, मग मुकादमाकडे गेले, आणि फरक मान्य झाला. रक्कम फार मोठी नव्हती पण माझा बाप त्या रात्री कोपीत, म्हणजे आमच्या तिथल्या झोपडीत, सगळ्यांना सांगत होता की पोराने पकडलं.

अपूर्णांक, शेकडेवारी, वजाबाकी सगळं मला त्या वहीने शिकवलं. परत आलो तर सरांनी ती वही घेऊन वर्गात माझ्याकडूनच गुणोत्तर शिकवून घेतलं, हिशोबाची उदाहरणं देऊन. दहावीला गणितात ६१ पडले मला.

तुमच्या १७ पैकी ज्यांच्या घरी फोन असेल त्यांना आठवड्यातून एकदा नुसता फोन करा. अभ्यासाचं नाही विचारलं तरी चालेल. सोमवारी काय शिकवलं एवढं सांगा.

---

खडू_आणि_फळा

तुमचा मेसेज मी तीनदा वाचला, स्टाफरूममध्ये दोघी मॅडमना पण वाचून दाखवला. आभार कसे मानू कळत नाही.

आज ८ मुलांना तोंडी विचारून झालं. तिघांना भागाकार येतो पण हातचा विसरतात, एवढंच. मी उगाच समजत होते की काहीच येत नाही. आईंनी सांगितलेलं पण सुरू केलं, पुढच्या सहा जणींना आज एक समांतर रेषांचं गणित दिलं, मधली सुट्टी संपली तरी त्या बाकावरून उठल्या नव्हत्या.

१७ पैकी ९ जणांचे नंबर मिळालेत, बाकीच्यांसाठी गावातल्या आज्यांना भेटायला रविवारी जातेय. वह्या आता पाठवता येतील का बघते, इथून कुणी ना कुणी त्या भागात जात असतं. एक विचारायचं राहिलं, तुमच्या सरांनी वहीत आधी काही लिहून दिलं होतं का, की कोरीच?

---

कोपीतला_पोऱ्या

पहिल्या पानावर रकाने आखून दिले होते, तारीख, टन, भाव, उचल, बाकी. आणि वरच्या कोपऱ्यात माझा हजेरी नंबर, ४१. मी परत येईपर्यंत रोज हजेरीत तो नंबर पुकारायचे, असं पोरांनी नंतर सांगितलं.