ऑफिसच्या कॉम्प्युटरला नेट स्लो

सचिव: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुठलीही वेबसाइट उघडायला आधी बराच वेळ नुसतं गोल फिरतं. मेंटेनन्सच्या पावत्या अडकल्यात. २०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन वाढवून ३०० चा करायचा का?

ए-१०३: वायफायवर माझा मोबाइल पळतोय की. लाइन ठणठणीत आहे, उगाच पैसे घालवू नका.

बी-४०२: काका, त्या कॉम्प्युटरला दोन लॅन कार्ड (नेटवर्कची केबल लावायची) आहेत ना? एक राउटरला, दुसरं कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगच्या डब्याला. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'route print' टाइप करून एंटर मारा, फोटो टाका.

सी-२०१: टँकर आला का?

सचिव: 📷
सचिव: टँकर साडेअकराला.

बी-४०२: हे बघा, ०.०.०.० च्या, म्हणजे बाहेर नेटवर जायच्या वाटेच्या, दोन ओळी. म्हणजे कॅमेरेवाल्याने त्याच्या कार्डातही गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) भरून ठेवलाय. तिकडे नेट नाहीच! मेट्रिकचा आकडा कमी असेल ती वाट विंडोज आधी धरतं. राउटरचा आकडा कॅमेऱ्यांपेक्षा दहाने जास्त. तिकडे धडकतं, उत्तर येत नाही, मग इकडे वळतं.

ए-१०३: पण गेल्या महिन्यापर्यंत नीट चालत होतं.

बी-४०२: तीच तर गंमत आहे. या आकड्यातला कार्डाचा भाग विंडोज त्याच्या स्पीडवरून स्वतः ठरवतं. १ जीबीपीएसला (१००० एमबीपीएस) २५, १०० एमबीपीएसला ३५. म्हणजे राउटरची बाजू १०० वर घसरलीय. काका, ती केबल दाराखालून जाते का?

सचिव: हो, शटरखाली चेपलीय.

बी-४०२: मग आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असणार. १०० ला दोन जोड्या पुरतात, १ जीबीपीएसला चारही लागतात. ही केबल असेपर्यंत ३०० चा प्लॅन घेतलात तरी या कॉम्प्युटरवर शंभराच्या आतच.

डी-३०२: दोन्ही कार्डं ब्रिज केली, म्हणजे एकत्र जोडली, तर स्पीड डबल होईल ना?

बी-४०२: नाही हो दादा. उलट ऑफिसच्या वायफायवरचा कुणीही थेट कॅमेऱ्यांपर्यंत पोचेल. काका, कॅमेऱ्याच्या कार्डात आयपी (कार्डाचा पत्ता) आणि सबनेट मास्क (नेटवर्कची हद्द) तसंच ठेवा, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा) कोरं करा. डबा त्याच नेटवर्कात आहे, त्याला गेटवे लागत नाही.

सचिव: केलं. साइट लगेच उघडली, कॅमेरेही दिसतायत 🙏 पावत्या संध्याकाळपर्यंत. नवी केबल कॅट ६ प्रकारचीच आणू ना?

बी-४०२: कॅट ५ई पुरे. फक्त या वेळी भिंतीवरून पट्टीतून न्या.

सी-२०१: साडेअकरा वाजून गेले. टँकर?