कमी उलाढालीचा शेअर घेणारा आंधळा म्हणे! बरं मग, आंधळाच मी

गिरणीचा_भोंगा
परवा इथंच एका शहाण्यानं लिहिलं, "ज्या शेअरात दिवसाला हजार नगसुद्धा फिरत नाहीत, तो घेणारा गुंतवणूकदार नव्हे, आंधळा. विकायला जाईल तेव्हा कळेल." खाली पंचवीस-तीस जणांचे अंगठे. त्यातले निम्मे लोक ऑप्शनमध्ये दर गुरुवारी, आठवड्याचे सौदे संपायच्या दिवशी, कपडे काढून यायचे; आता तो दिवस मंगळवार झालाय, तर मंगळवारी येतात. तेव्हा सविस्तर सांगतो, वाचायचं तर वाचा.

माझ्याकडं एक कंपनी आहे, नाव सांगणार नाही. फक्त बीएसईवर, म्हणजे मुंबई शेअर बाजारात. सुटे भाग बनवते. सगळी कंपनी बाजारभावानं ३८ कोटींची. ताळेबंदात एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून ३१ कोटी, कर्ज शून्य, वर्षाचा निव्वळ नफा चार कोटींच्या आसपास. म्हणजे चालता कारखाना सात कोटींत मिळतोय. का मिळतोय? कारण ७२ टक्के मालकाकडं, उरलेले बहुतेक म्हाताऱ्यांच्या डिमॅटमध्ये झोपलेले. दोन हजार कोटींचा फंड इथं येऊच शकत नाही, एक कोटीचा माल घ्यायला बसला तर भावच उडेल. हत्ती बोळात शिरत नाही. मी सोलापुरात बाळीवेशीच्या बोळातच वाढलोय.

घ्यायची रीत: स्क्रीनवर घेणारे २१२ ला ४० नग, २११.५० ला १०. विकणारे २२९ ला १५, २३१ ला १००. मधे सतरा रुपयांची दरी. मी सकाळी ९.२० ला २१४ ची लिमिट टाकतो, म्हणजे त्याहून जास्त भाव देणार नाही, २५ नग. पहिल्या दिवशी ६ मिळाले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्यावर पंचवीस पैसे चढवून बसला, त्याला बसू दिलं. ६०० नगांना पाच महिने लागले, सरासरी २१७. या शेअरात मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घ्या) टाकणाऱ्यानं सरळ गड्ड्याच्या जत्रेत जाऊन पाळण्यात बसावं, तेवढाच थरार, पैसे कमी जातात.

होटगीरोड_७२
तो शहाणा मीच. अंगठे मोजत बसलास, पण वरचा परिच्छेद सोडलास. त्यात मी माझंच लिहिलं होतं, पुन्हा लिहितो.

माझ्याकडं अशाच एका शेअराचे चार लाख होते. असाच ताळेबंद, अशीच एफडी. वडिलांची बायपास ठरली. पहिल्या दिवशी ७ नग गेले, दुसऱ्या दिवशी १२. तेवढ्यात तिमाही निकाल आला, वाईट. मग रोज सकाळी ९.१५ ला पाच टक्के खाली आणि कुलूप. विकणारे अकरा हजार नग, घेणारा शून्य. पाच टक्क्यांची चौदा सर्किटं (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) खाली लागली की भाव निम्म्याच्या खाली येतो, कॅल्क्युलेटर काढून बघ. शेवटी बायकोच्या पाटल्या ठेवून कर्ज काढलं. तुझा पेशन्स तुझ्या हातात नसतो मालक, घरच्यांच्या तब्येतीच्या हातात असतो.

आणि ते ३१ कोटी तुझे नाहीत. मालकाचे आहेत. तो पगार वाढवेल, जावयाच्या फर्मला उसने देईल, नाहीतर वीस वर्षं एफडीच ठेवेल. तू काय करणार? अन्यायाची तक्रार घेऊन एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जायला १०० सभासद लागतात, नाहीतर दहावा हिस्सा. ६०० नगांवर दारातला वॉचमनपण आत सोडत नाही.

गिरणीचा_भोंगा
चार लाख एकाच शेअरात, आणि तेच दवाखान्याचे पैसे. यात शेअरचा काय दोष?

शेंगा_चटणी
बायपासवर असं बोलतोस बे? जरा तरी.

गिरणीचा_भोंगा
बरोबर, तसं लिहायला नको होतं. माफ कर होटगीरोड. पण मुद्दा तिथंच उभा आहे. जे पैसे पाच वर्षं लागणार नाहीत, तेच इथं. माझ्या एकूण गुंतवणुकीत असल्या चार कंपन्या मिळून दहावा भाग. आणि मीही काही शेर नाही, चारातली एक सहा वर्षं जागची हललेली नाही. दरवर्षी एक रुपया लाभांश, तोही आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर.

माहेर_सोलापूर
पुण्यात राहते, पण वाद आपल्याकडचा दिसला म्हणून थांबले. एल्सिड कंपनीच्या शेअरचं कुणीच काढलं नाही? २९ ऑक्टोबर २०२४. सकाळपर्यंत ३.५३ रुपये, दिवसाअखेर २,३६,२५०. एका दिवसात. पोटात एशियन पेंट्सचे शेअर होते, सगळ्यांना माहीत होते, वर्षानुवर्षं कुणी मोजले नाहीत. याला आंधळेपणा म्हणायचं का?

होटगीरोड_७२
ताई, हेच उदाहरण यायची वाट बघत होतो. ३.५३ ला तुम्हाला कुणी दिला असता? मुळात विकणाराच नव्हता. कंपनीचे सगळे मिळून शेअर दोन लाख, त्यातले पाऊण मालकांकडं. स्क्रीनवरचा भाव खोटा होता, म्हणून तर सेबीला होल्डिंग कंपन्यांसाठी (ज्यांच्या पोटात दुसऱ्या कंपन्यांचे शेअर असतात त्या) शेअर बाजारांना खास लिलाव भरवायला लावावा लागला, त्या दिवशी सर्किटची मर्यादा काढून. ज्यांच्याकडं होता त्यांचं नशीब उघडलं. ज्यांच्याकडं नव्हता त्यांनी फक्त बातमी वाचली. लोकांनी स्क्रीनशॉट फिरवून "असाच शेअर शोधा" सुरू केलं, आणि त्या आठवड्यात माझ्या भाच्यानं तीन रुपयांचे सहा शेअर घेतले. पाच आता कुठल्याशा निगराणीच्या यादीत आहेत.

माहेर_सोलापूर
भाचा बिनडोक असेल तर त्याला एल्सिड काय करेल. माझा मुद्दा एवढाच की खरी किंमत आणि भाव यांत फरक असू शकतो.

होटगीरोड_७२
असू शकतो. तो फरक तुमच्या हयातीत भरेल का, एवढंच विचारतोय.

शेंगा_चटणी
मला सोलापूरचं बोलायचंय. आपल्याकडची रसायनांची कंपनी बालाजी अमाइन्स, तिचा शेअर २०१३ मध्ये पन्नास रुपयांच्या आसपास होता, कुत्रं विचारत नव्हतं. २०२१ मध्ये पाच हजारांपुढं. तामलवाडीवरून तुळजापूरच्या एसटीनं शंभरदा गेलो असेन, खिडकीतून कारखाना बघितला, एक शेअर घेतला नाही. आपल्या दारातलं आपल्याला दिसतच नाही.

बाळीवेसकर
आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स? तोही दारातलाच. २०१६ ला आयपीओ (लोकांना पहिली शेअरविक्री) १८६ ला, आपल्या गावचा म्हणून अख्ख्या गल्लीनं अर्ज भरले. पुढं कित्येक वर्षं त्या भावाचं तोंड दिसलं नाही. आणि बालाजीसुद्धा त्या पाच हजारांवरून निम्म्याच्याही खाली आलाच की. जे चढलं तेवढंच सांगायचं, हे बरंय. बाकी नळाला पाणी रोज येऊ द्या आधी, मग करा शेअर-शेअर.

शेंगा_चटणी
पाण्याचा काय संबंध ओ?

बाळीवेसकर
चार-चार दिवस नळाची वाट बघणाऱ्यांना पेशन्स शिकवताय, हा संबंध.

निवृत्त_हेडक्लार्क
पेशन्सवरून आठवलं. वडील गिरणीत जॉबर. १९८६ मध्ये बोनसच्या पैशातून एका मुंबईच्या कंपनीचे ५० शेअर घेतले. कागदी. ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली. त्यांनी कधी भाव बघितला नाही, विकला नाही, याहून धीराचा गुंतवणूकदार कुठून आणणार? बोनस, स्प्लिट होऊन ते आता बरेच झालेत. पण लाभांशाचे वॉरंट जुन्या चाळीच्या पत्त्यावर जात राहिले, सात वर्षं कुणी वटवले नाहीत, आणि कायद्यानं शेअरसकट सगळं आयईपीएफकडं, म्हणजे बेवारस शेअर-लाभांशाच्या सरकारी निधीकडं, जमा. दोन वर्षं झाली, परत मिळवायला मी फॉर्म भरतोय.

टॉवेलवाला
काका, जखमेवर बोट ठेवलंत. आमच्याकडं आजोबांचे. सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर नुसतं आद्याक्षर. तेलुगू आडनाव, इंग्रजीत स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. सोलापूरच्या पूर्व भागात घरटी हीच कथा. कंपनीच्या शेअरांची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार म्हणतो, तिघं एकच कशावरून?

निवृत्त_हेडक्लार्क
आणि तो आयएसआर-२ फॉर्म. सही जुळत नाही म्हणून बँक मॅनेजरनं सही-शिक्का द्यायचा. माझं खातं त्या शाखेत तीस वर्षांचं. मॅनेजर म्हणाला, "असा फॉर्म आमच्या सिस्टिमला नाही." मी म्हटलं, अहो सिस्टिमला नसू दे, पेनाला आहे ना? त्यानं पेन खिशात घातलं.

टॉवेलवाला
आमच्याकडच्यानं शिक्का दिला, पण एम्प्लॉयी कोड लिहिला नाही. परत आला. दुसऱ्यांदा गेलो तर मॅनेजरची बदली.

माहेर_सोलापूर
माझ्या सासऱ्यांचेही अडकलेत! वारस दाखल्यासाठी वकिलानं मागितले ती रक्कम शेअरच्या किमतीइतकी.

होटगीरोड_७२
थांबा, वकिलाला पैसे देऊ नका. कागदी शेअरना एका कंपनीचे पाच लाखांपर्यंत असतील तर कोर्टाचा वारस दाखला लागत नाही, २०२२ मध्ये सेबीनं मर्यादा वाढवलीय. बाकी वारसांची ना-हरकत आणि इन्डेम्निटी बाँडवर होतं. आणि काका, आधी कंपनीकडून एन्टायटलमेंट लेटर (शेअर तुमचेच असं पत्र) घ्या, मग आयईपीएफ-५ हा मागणीचा फॉर्म भरा. लोक उलटं करतात आणि नाकारलं जातं.

निवृत्त_हेडक्लार्क
मी उलटंच केलंय.

गिरणीचा_भोंगा
माझ्या धाग्याचं श्राद्ध घातलंत सगळ्यांनी मिळून. मूळ प्रश्न काय होता, कुणाला आठवतोय?

होटगीरोड_७२
आठवतोय. तुझा माल तुझ्या मुलाला असाच ट्रंकेत सापडणार आहे, फरक एवढाच की डिमॅटमध्ये. नॉमिनी भरलायस?

गिरणीचा_भोंगा
...भरतो.

होटगीरोड_७२
बघ. आणि हो, दहावाच भाग ठेवतोस हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर मी एवढा तापलोही नसतो. तेवढ्यापुरता तू आंधळा नाहीस, चष्मेवाला आहेस.

गिरणीचा_भोंगा
मोठे उपकार. आज ९.२० ला लावली होती, ४ मिळाले.

टॉवेलवाला
ते सोडा ओ. काका, आमच्या शाखेत नवीन मॅडम आल्यात, आयएसआर-२ माहीत आहे त्यांना. मंगळवारी ११ ला अशोक चौकात या, दोघं मिळून जाऊ. पासबुक ओरिजिनल आणा, रद्द केलेला चेक आणा, आणि सही घरी करू नका, त्यांच्यासमोरच करायची आहे.

माहेर_सोलापूर
मी शनिवारी येतेय सोलापूरला. त्या मॅडम शनिवारी असतात का?

टॉवेलवाला
दुसरा-चौथा सोडून.