वाचता येतं, लिहिता येतं, मग बोलतानाच गाडी का अडते?

रिकामी_पाटी:
इंग्रजी वाचायला काही वाटत नाही, ईमेल तर बिनचूक लिहितो, पण तोंड उघडलं की संपलं. काल मीटिंगमध्ये "रिपोर्ट कालच पाठवला असता, पण आकडेच आले नव्हते" एवढंच सांगायचं होतं, तर 'आय वुड हॅव'पाशी जे ततपप झालं ते झालंच, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. शब्द कमी पडतात की अजून काही? आणि आत्मविश्वास वाढव असं कृपया सांगू नका, ऐकून कान किटलेत.

बोलघेवडी:
शब्द माहीत असणं वेगळं, वेळेवर जिभेवर येणं वेगळं. बोलताना सेकंदाला दोन-तीन शब्द निघतात. लेव्हेल्ट नावाच्या भाषा-मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली बोलण्याच्या पायऱ्या मांडल्या, आधी काय म्हणायचंय ते, मग शब्द-वाक्याची जुळणी, मग उच्चार. मातृभाषेत पहिली सोडली तर बाकीच्या आपोआप होतात, दुसऱ्या भाषेत मात्र सगळीकडे लक्ष द्यायचं म्हणजे जीव जातो. त्यात मराठीत क्रियापद शेवटी, विचार करत करत वाक्य रेटता येतं, इंग्रजीत कर्ता झाला की लगेच क्रियापदाचा निकाल लावावा लागतो. तू नेमका तिथेच अडकलास बघ!

मधलं_बाक:
थांबण्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे, मराठीतही आपण 'म्हणजे', 'ते हे' करतोच. फक्त सरावलेला माणूस बहुतेकदा वाक्याच्या सांध्यावर थांबतो आणि शिकणारा जास्त करून मध्येच. मी फोनवर स्वतःला रेकॉर्ड केलं तेव्हा कळलं. ऐकवत नव्हतं, पण ऐकलं. 'आय वुड हॅव सेंट इट' असे आख्खे तुकडे पाठ कर, एकेक शब्द जुळवत बसू नकोस.

बोलघेवडी:
+१. आणि ४-३-२ करून बघ, तीच गोष्ट आधी ४ मिनिटांत सांगायची, मग ३, मग २, दरवेळी नव्या माणसाला. दुसऱ्या खेपेला शब्द शोधावे लागत नाहीत. चुका मात्र मध्ये कोणीतरी दाखवायला हवं, नाहीतर त्याही तितक्याच सफाईदार होतात 😄

रिकामी_पाटी:
क्रियापदाचं डोक्यात आलंच नव्हतं. पण तीच गोष्ट ऐकायला तीन माणसं आणू कुठून?

मधलं_बाक:
भिंतीपासून सुरू कर, ती मध्ये बोलत नाही.